सासूबाईंच्या खोलीतलं पिंप

आमच्या शेजारच्या म्हाताऱ्याला गाउट झाला, पायाचा अंगठा सुजला आणि डॉक्टरांनी त्याची बियर बंद केली, तिथून हे सगळं सुरू झालं. तो निवृत्त प्लंबर. सिडनीच्या कॅसल हिलमध्ये आम्ही घर घेतलं तेव्हापासून आमच्यात एक लाकडी कुंपण आणि सकाळचं 'हाउ आर यू, मेट' एवढंच नातं होतं. जुलैत, म्हणजे इथल्या ऐन थंडीत, एका शनिवारी त्याने कुंपणावरून एक भलंमोठं पांढरं प्लॅस्टिकचं पिंप माझ्याकडे सरकवलं. आत एक लांब चमचा, वाकड्या नळ्या, काचेची एक तरंगती कांडी, माल्टच्या अर्काचा डबा आणि यीस्टची पुडी. "हे घरात राहिलं तर मी बियर करणार," तो म्हणाला, "आणि केली तर पिणार. तू घेऊन जा."

मी काही मोठा पिणारा नाही. ऑफिसच्या ड्रिंक्सला एक ग्लास धरतो आणि तो गरम होईपर्यंत धरूनच ठेवतो. पण इंग्रजीत नाही म्हणायला मला नेहमी उशीर होतो. मराठीत माझा नकार तयार असतो; इंग्रजीत तो जुळवेपर्यंत तोंडातून 'नो वरीज' निघून गेलेलं असतं.

रविवारी सकाळी मी ती बियर लावली. बायकोने सूचनांचा कागद मोठ्याने वाचला आणि मी तसं तसं केलं. सगळं निर्जंतुक केलं. डब्यातला अर्क काकवीसारखा काळा आणि दाट होता, वास मात्र भाजलेल्या धान्याचा. तो उकळत्या पाण्यात विरघळवला, साखर घातली, वर तेवीस लिटरपर्यंत गार पाणी. काचेची कांडी तरंगवून साखरेचा आकडा लिहून ठेवला, एक हजार बेचाळीस. यीस्ट भुरभुरलं, झाकण लावलं, आणि झाकणातल्या भोकात ती वाकडी नळी खोचली. नळीत थोडं पाणी असतं. आत आंबायला लागलं की हवा त्या पाण्यातून बुडबुड करत बाहेर पडते, आणि बाहेरची हवा काही आत येत नाही. बारा ते चोवीस तासांत बुडबुडे दिसतील, असं कागदावर होतं. पिंप गॅरेजात ठेवलं आणि मी वाट बघू लागलो.

सोमवारी बुडबुडा नाही. मंगळवारी नाही. इंटरनेटवर शोधलं, तर एक जण म्हणत होता धीर धर, दुसरा म्हणत होता तुझं यीस्ट मेलं. तिसऱ्याने झाकण उघडून पाहिलं होतं, आणि चौथ्याने त्याला त्याबद्दल इतकं झापलं होतं की मी माझं झाकण उघडायचा विचारच सोडून दिला.

या काळात सासूबाई आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या होत्या. सांगलीकडच्या एका सरकारी इस्पितळात त्या चौतीस वर्षं सिस्टर होत्या, त्यातली बरीचशी वर्षं पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात. लग्नाला बारा वर्षं होऊनही माझं आणि त्यांचं बोलणं 'प्रवास नीट झाला ना' आणि 'हवा कशी आहे' याच्या पुढे गेलेलं नव्हतं. मी हॉलमध्ये आलो की त्या सोफ्यावरून उठत. मी "बसा, बसा" म्हणत उभाच राहायचो. मग आम्ही दोघेही उभे, बायको ओरडेपर्यंत.

बियरचं त्यांना सांगितलेलं नव्हतं. "आईला सांगू नकोस," बायको म्हणाली होती, "आणि लपवूही नकोस." या दोन्ही गोष्टी एकदम कशा करायच्या, या विचारात मी दोन दिवस काढले होते.

मंगळवारी संध्याकाळी मी गॅरेजात रंगाच्या उपड्या डब्यावर बसून नळीकडे बघत होतो. सासूबाई कांदे न्यायला आल्या. कांदे गॅरेजातच असतात.

"काय झालंय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"दोन दिवस बघतेय, तुम्ही इथे येऊन बसता."

"बियर लावलीय," मी म्हणालो. "घरी. म्हणजे शेजाऱ्यांनी दिलं सामान."

त्यांनी कांद्यांचं टोपलं गाडीच्या बॉनेटवर ठेवलं. आता काय ऐकावं लागणार, म्हणून मी उठून उभा राहिलो.

"लावून किती तास झाले?"

"अं?"

"तास किती झाले?"

"पंचावन्न."

"आणि आत्तापर्यंत काय व्हायला पाहिजे होतं?"

मी नळीचं सांगितलं. त्या पिंपाजवळ गेल्या आणि माणसाच्या कपाळाला लावतात तसा हाताचा पालथा पंजा त्याला लावला. मग जरा खाली, पोटाशी. "गार पडलंय हो हे," त्या म्हणाल्या. पिंपाला बाहेरून ताप मोजायची एक पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावरचा सगळ्यात खालचा आकडा चौदा होता आणि तोही उजळलेला नव्हता. "अशा गारठ्यात इडलीचं पीठ तरी येतं का? गॅरेजात पेशंट ठेवतात?"

सिडनीत थंडी असते हे इथली घरं बांधणाऱ्यांना कधी कोणी सांगितलेलंच नाही. आमच्या घरात दिवसभर ऊब असलेली एकच खोली होती, सासूबाईंची, कारण त्यांच्याकडे तेलाचा हीटर चालू असायचा. बायको म्हणाली, "आई, तू तुझ्या खोलीत दारू ठेवणार?"

"दारू झाली की बाहेर काढा," त्या म्हणाल्या. "अजून कुठे झालीय?"

तेवीस लिटर उचलून नेणं कठीण, म्हणून पिंप माझ्या कामाच्या चाकांच्या खुर्चीवर बसवलं. मी मागून ढकलत होतो. वरची नळी हलू नये म्हणून सासूबाई ती एका हाताने धरून शेजारून चालत होत्या. हॉलमधून आमची वरात जाताना बायकोने फोटो काढायला मोबाइल उचलला, पण आईचा चेहरा बघून खाली ठेवला.

पिंप कपाटाशेजारी बसलं. त्यांनी त्याला आपली गोधडी गुंडाळली. प्रिंटरमधले कागद घेऊन पट्टीने रेघा मारल्या: वेळ, ताप, श्वास, शेरा. सकाळी सहापासून चार-चार तासांनी नोंद सुरू झाली. ताप सोळा झाला, सतरा झाला, एकोणीस झाला. श्वासाच्या रकान्यात मात्र दर वेळी शून्य.

बुधवारी मी घरून काम करत होतो. मीटिंग संपवून चहासाठी उठलो, तर त्यांच्या खोलीचं दार उघडं होतं आणि त्या गुडघ्यांवर बसल्या होत्या. स्वतःचं ब्लडप्रेशर तपासायला आणलेला स्टेथोस्कोप त्यांनी कानांत घातला होता आणि गोल चकती पिंपाला लावली होती. मला बघून त्या उठल्या नाहीत. बारा वर्षांत पहिल्यांदा. बोटाने गप्प राहायची खूण केली, चकती जरा सरकवली, आणि थोड्या वेळाने कानातलं काढून माझ्याकडे दिलं.

मी ऐकलं. आत खोल कुठेतरी फार बारीक तडतड चालली होती, तापल्या तव्यावर मीठ टाकल्यासारखी.

"क्रेप्ट्स," त्या म्हणाल्या. "पाणी झालेल्या छातीत असाच आवाज येतो."

"मग वाईट आहे?"

"माणसाला वाईट. ह्याला चांगलं असावं. आत काहीतरी चाललंय एवढं नक्की."

त्या संध्याकाळी मी शेजाऱ्याला बोलावलं. तो मोज्यांवर रबरी चपला घालून, एक पाय ओढत आला. गोधडी बघितली, हीटर बघितला, भिंतीवर टाचणीने लावलेला तक्ता बघितला.  खिशातून टॉर्च काढून त्याने पिंपाला एका बाजूने लावली. पांढऱ्या प्लॅस्टिकमधून आतलं काळपट पाणी दिसलं आणि त्याच्या वर चार बोटं उंच तपकिरी फेस. "हे बघ," तो मला म्हणाला. "फेस आहे म्हणजे काम चालू आहे. नळीकडे बघू नकोस. शी'ल बी राइट."

"काय म्हणतात?" सासूबाईंनी विचारलं.

"होईल सगळं ठीक, असं म्हणतात," बायकोने सांगितलं.

"ते डॉक्टर पण म्हणतात. नातेवाइकांना." मग त्यांचं लक्ष त्याच्या पायाकडे गेलं. "अंगठ्याला केवढी सूज आहे. त्यांना म्हणावं बसा, आणि पाय वर ठेवा."

तो बसला. त्यांनी स्टुलावर उशी ठेवून त्याचा पाय तिच्यावर ठेवायला लावला, तांब्याभर पाणी प्यायला लावलं. दुसऱ्या दिवसापासून तो रोज संध्याकाळी येऊ लागला. सहा वाजता दोघं पिंपापाशी बसत. तो इंग्रजीत बोले, त्या मराठीत. भाषांतराला कोणी नसलं तरी बोलणं थांबत नसे.

पण श्वासाचं सासूबाईंना पटत नव्हतं. काम चाललंय आणि श्वास नाही, असं कसं? गुरुवारी त्यांच्या निवृत्त सिस्टरांचा आठवड्याचा व्हिडिओ कॉल होता. आठ जणी असतात, वेगवेगळ्या वॉर्डांतल्या. मी पाण्याची बाटली द्यायला खोलीत गेलो, तेवढ्यात फोनमधून कोणीतरी विचारलं, "अगं, मागे ते काय गुंडाळून ठेवलंयस?"

"जावयांची बियर," सासूबाई म्हणाल्या.

पलीकडे इतकी शांतता झाली की मला वाटलं नेटवर्क गेलं. मग बहुतेक जणी एकदम बोलायला लागल्या. ताप किती? किती दिवस झाले? फेस कोणत्या रंगाचा? वास कसला? सासूबाईंनी तक्ता काढून सगळं वाचून दाखवलं. एक जण म्हणाली, आमच्या दिराने एकदा द्राक्षांची केली होती, ती माळ्यावर फुटली. तिला बाकीच्यांनी गप्प केलं. ऑपरेशन थिएटरमधून निवृत्त झालेल्या एक बाई तोवर काहीच बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "श्वास चालू आहे, पण नळीतून येत नाहीये. मग लीक आहे. झाकण बघ चहूबाजूंनी."

गॅसच्या सिलिंडरला लावतात तसं आम्ही झाकणाच्या कडेला साबणाचं पाणी लावलं. तीन बाजूंना काही नाही. चौथ्या बाजूला, भिंतीकडे, साबणाचे इवले इवले फुगे येत होते. झाकण तिथे बसलेलंच नव्हतं. मी त्यावर दोन्ही हातांनी आणि मग एका गुडघ्याने भार दिला. टक्क झालं. आम्ही सगळे नळीकडे बघत राहिलो. सासूबाईंनी फोन नळीसमोर धरला होता.

अर्ध्या मिनिटाने नळीतलं पाणी एका बाजूने वर चढलं, थांबलं, आणि "गुडुप" असा आवाज झाला.

फोनमधून टाळ्या ऐकू आल्या. तक्त्यावर पहिल्यांदा शून्याऐवजी आकडा पडला.

शुक्रवारी मला ऑफिसला जावं लागलं. पॅरामॅटात आमचं ऑफिस आहे, आणि माझ्या शेजारच्या डेस्कवर एक पुण्याचा मुलगा बसतो. मुलगा म्हणजे तिशीचा असेल, इथे शिकायला आला आणि राहिला. हॅरिस पार्कात भाड्याच्या फ्लॅटमध्ये असतो. अकराच्या सुमाराला सासूबाईंचा फोन आला. त्या मला स्वतःहून कधीच फोन करत नाहीत. मी जागेवरूनच घेतला. त्या म्हणाल्या की ताप सत्तावीस झालाय, नळीत फेस चढून गच्च बसलाय, गुडुप बंद झालंय आणि झाकण वर आलंय, नगाऱ्यासारखं.

पण शेजारच्या मुलाला फक्त माझं बोलणं ऐकू आलं, आणि ते असं होतं: "श्वास बंद? कधीपासून?... पोट फुगलंय? टणक लागतंय का?... आई, तुम्ही घाबरू नका. आधी नळी काढा. हो, नळी! पूर्ण काढा. हो, मी सांगतो ना, काढा!"

फोन ठेवून वळलो तर त्याच्या तोंडावरचा रंग उडालेला होता. मी काही बोलायच्या आत तो उठून आमच्या टीम लीडकडे गेला. टीम लीड बाई इथल्याच, स्पष्ट बोलणाऱ्या, मनाने प्रेमळ. त्या तरातरा माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "घरी जा. आत्ता."

"नाही, तसं काही नाही," मी म्हणालो. "म्हणजे घरचं कोणी नाहीये."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "घरचं कोणी नसताना तू एवढं करतोस," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

ते बघितल्यावर मला खरं सांगायचा धीर झाला नाही. बियर हा शब्द अगदी ओठांपर्यंत आला होता, तिथेच राहिला. पुण्याच्या मुलाने माझा लॅपटॉप बंद करून बॅगेत घातला. "दादा, तुम्ही बसने जायचं नाही. मी सोडतो." गाडीत मी दोनदा सुरुवात केली. "हे बघ, ते जरा वेगळं प्रकरण आहे." तो म्हणाला, "दादा, आत्ता काही बोलू नका. माझे आजोबा आयसीयूत होते तेव्हा मलाही बोलवत नव्हतं." मग मी खिडकीबाहेर बघत बसलो.

घरी पोचलो तेव्हा सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या. पातेल्यात पाणी उकळत होतं आणि त्यात ती नळी. "सगळा फेस अडकला होता," त्या म्हणाल्या. "काढल्याबरोबर फुस्स करून हवा गेली. पोट लगेच बसलं. हीटर बंद केलाय, गोधडी काढलीय. ताप उतरतोय." मग त्यांना माझ्या मागे उभा असलेला मुलगा दिसला. त्याने बूट काढून ठेवले होते आणि हात जोडले होते.

"पेशंट कुठे आहेत?" त्याने हळू आवाजात विचारलं.

सासूबाईंनी खोलीकडे बोट दाखवलं. तो आत गेला. मी त्याच्या मागे गेलो नाही, मला ते जमलं नाही.  तो बाहेर आला तेव्हा त्याचे हात अजून जोडलेलेच होते, सोडायचे राहून गेले असावेत. सासूबाईंनी त्याला पोहे दिले. त्याने ते सगळे खाल्ले, अजून थोडे मागून घेतले, आणि चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "दादा, ऑफिसात काय सांगू?"

"सांगा, प्रकृती सुधारतेय," सासूबाई म्हणाल्या.

त्याने जाऊन तसंच सांगितलं. त्यामुळे सोमवारी सकाळी आमच्या दारात फळांची एक मोठी टोपली आली. सफरचंदं, पेअर्स, मधोमध एक अननस, आणि सगळ्या टीमच्या सह्यांचं कार्ड, लवकर बरे व्हा. सासूबाईंनी कार्ड टेबलावर उभं करून ठेवलं. बायको इतकी हसली की तिला भिंतीला धरून बसावं लागलं. मला हसू येत नव्हतं. मी ऑफिसला गेलो, टीम लीडच्या समोर बसलो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. म्हातारा, गॅरेज, गोधडी, स्टेथोस्कोप, नळी.

 मग त्यांनी विचारलं, "बियर कुठली? एल की लागर?"

"एल," मी म्हणालो.

"सत्तावीस जास्त आहे एलला." आणि त्या स्क्रीनकडे वळल्या. सुट्टीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. तीन बाटल्या मात्र त्यांनी आधीच मागून ठेवल्या.

मधल्या रविवारी एक गोष्ट झाली ती सांगायची राहिली. बियर झाली की नाही हे बुडबुड्यांवरून कळत नाही, असं शेजाऱ्याने बजावलं होतं. खरी परीक्षा त्या काचेच्या कांडीची. पिंपाच्या तळाशी असलेल्या नळातून थोडी बियर एका उंच नळकांड्यात काढायची, कांडी तरंगवायची आणि आकडा वाचायचा. साखर संपत जाते तसा आकडा उतरतो. दोन-तीन दिवसांच्या अंतराने तोच आकडा आला की झालं. मी सगळं मांडलं, कांडी सोडली, आणि सासूबाई एकदम म्हणाल्या, "अहो, हे तर युरिनोमीटर आहे!"

"काय?"

"स्पेसिफिक ग्रॅव्हिटी ना? आम्ही रोज बघायचो वॉर्डात. लघवीची." त्यांनी नळकांडं माझ्या हातातून घेतलं, खिडकीकडे उजेडात डोळ्यांसमोर धरलं, कांडीला बोटाने हलकेच फिरवून ती कडेला चिकटत नाही हे बघितलं. पिंपात काळपट दिसणारं पाणी नळकांड्यात फिकट पिवळं, किंचित गढूळ दिसत होतं. "एक हजार सोळा," त्यांनी वाचलं. "थोडं गढूळ आहे. नॉर्मल."

नमुना पिंपात परत ओतायचा नसतो, नाहीतर जंतू जातात. चव बघायची, असं कागदावर होतं. मी नळकांडं तोंडाला लावलं. सासूबाई समोर उभ्या राहून बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं त्याचं मी वर्णन करणार नाही. मी ते प्यायलो. कोमट होतं.

मंगळवारी एक हजार बारा आलं. गुरुवारीही एक हजार बारा. दोन्ही वेळा त्यांनी शेऱ्यात नॉर्मल लिहिलं आणि दोन्ही वेळा मला प्यावं लागलं. त्याच संध्याकाळी आम्ही चौघांनी मिळून बाटल्या भरल्या. शेजारी पाय स्टुलावर ठेवून बूच मारायचं यंत्र चालवत होता, बायको बाटल्यांत साखरेची एकेक वडी टाकत होती, मी भरत होतो. सासूबाई प्रत्येक बाटली उलटी करून गळत नाही ना बघत होत्या आणि डॉक्टरी अक्षरात लेबलं लिहीत होत्या. एकोणसाठ झाल्या. साठावी भरता भरता सांडली.

बाटल्यांत गॅस धरायला दोन आठवडे लागतात. ते झाल्यावर एका रविवारी दुपारी आम्ही मागच्या डेकवर बसलो. हिवाळ्यातलं ऊन होतं, खुर्च्या उन्हात ओढून घेतल्या होत्या. मी पहिली बाटली उघडली. फुस्स झालं, आणि ग्लासात खरोखरीचा फेस आला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पिणारा मी एकटाच आहे. शेजाऱ्याला डॉक्टरांची बंदी. बायकोने घोटभर घेतली, "साबणासारखी आहे," म्हणाली आणि ग्लास परत दिला. सासूबाईंच्या आणि शेजाऱ्याच्या हातात चहा होता. मी एक घोट घेतला, दुसरा घेतला, आणि ते तिघं माझ्याकडे बघत राहिले.

शेजाऱ्याने माझा ग्लास मागून घेतला. उजेडात धरला, नाकाशी नेला, डोळे मिटून खूप वेळ वास घेतला आणि परत केला. "याहून वाईट प्यायलोय," तो म्हणाला. इथल्या माणसाकडून ही शाबासकी समजायची.

सासूबाई म्हणाल्या, "तुम्हाला एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा की."

"कशी लागते?"

मला वाटलं त्या सहज विचारतायत. पण त्यांनी चहाचा कप खाली ठेवला होता. त्या म्हणाल्या, वॉर्डात माझ्याकडे येणाऱ्या माणसांत निम्मे लिव्हरचे असायचे. डोळे पिवळे, पोटात पाणी. कोणाची बायको पायाशी, कोणाचं कोणीच नाही. जरा बरं वाटायला लागलं की मी विचारायचे, बाबा रे, एवढं काय असतं त्यात, लागते तरी कशी? एकाने सांगितलं नाही. सगळे म्हणायचे, सिस्टर, सोडली आता. त्यांना वाटायचं मी रागावतेय. मला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

मी ग्लासाकडे बघितलं. चौतीस वर्षांत कोणी न दिलेलं उत्तर त्या माझ्याकडे मागत होत्या. मी आणखी एक घोट घेतला आणि तो लगेच गिळला नाही. "आधी कडू लागते," मी म्हणालो. "कारल्यासारखी नाही, त्याहून कमी. मग भाजलेल्या पावाच्या कडेसारखी. मग थोडं सफरचंदासारखं काहीतरी येतं. ते यायला नको होतं, पिंप जास्त तापल्यामुळे आलंय. मग कपाळाजवळ जरा सैल वाटतं."

"आणि?"

"आणि एवढंच."

 कुंपणापलीकडे कोणाचं तरी गवत कापायचं यंत्र चालू झालं आणि बंद पडलं.

"एवढ्यासाठी?" त्या म्हणाल्या.

 शेजाऱ्याने बायकोला विचारलं, काय म्हणतायत? तिने त्याला सगळं सांगितलं, वॉर्डचंही सांगितलं. तो आपल्या सुजलेल्या अंगठ्याकडे बघत ऐकत होता. मग म्हणाला, "त्यांना सांग, प्रश्न बरोबर आहे. मी चाळीस वर्षं प्यायलो, मलाही माहीत नाही."

बायकोने ते मराठीत सांगितलं. सासूबाईंनी मान डोलावली, त्याच्या हातातला रिकामा कप घेतला आणि चहा अजून हवा का, असं खुणेनेच विचारलं. तो हो म्हणाला. त्या आत गेल्या. मी ग्लासात उरलेली बियर संपवली, कारण ओतलेली होती.